डॉक्टरसमोर नुसतं ‘हो जी’ म्हणू नका



एचआयव्हीवर लिहायचं ठरवलं तेव्हा दोन माणसं आठवली. ओळख पटू नये म्हणून दोघांचेही काही तपशील बदलले आहेत.

पहिली गोष्ट २००२ सालची. जीएनएमचा डिप्लोमा करून मी नुकतीच नोकरीला लागले होते. वॉर्डाच्या अगदी टोकाला, संडासाजवळच्या खाटेवर रंगकाम करणारा एक भाऊ होता. त्याच्या केसपेपरवर लाल शाईची मोठी खूण. झाडूवाल्यापासून सगळ्यांना त्या खुणेचा अर्थ माहीत होता, त्यालाच तेवढा नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या मोठ्या भावाला व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं. रात्रपाळीला मी सलाइन बदलायला गेले की तो विचारायचा, “सिस्टर, मले झालं तरी का जी?” मी म्हणायची, “ताप आहे भाऊ, उतरेल.” तो काही दिवसांनी गेला. त्याच्या बायकोला खरं कळलं ते जलदान विधीच्या दिवशी, दिराच्या तोंडून, भांडणात. तोपर्यंत तिची चाचणी कुणीच केली नव्हती.

दुसरी गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. तोपर्यंत मी दवाखान्याची नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करायला लागले होते. आपल्या हुडकेश्वरकडचीच एक ताई, चार घरी पोळ्या करणारी. एआरटीच्या गोळ्या सुरू होऊन वर्ष झालं तरी तिचा सीडी४ खाली येत होता. डॉक्टरांनी दर वेळी विचारलं, “गोळ्या घेता ना रोज?” तिनं दर वेळी सांगितलं, “हो जी.” एक दिवस तिच्या घरी चहा पिताना मी वेगळ्या तऱ्हेनं विचारलं, “गेल्या आठवड्यात किती राहिल्या? मी रागावणार नाही.” ती रडायलाच लागली. रात्रीची गोळी घेतली की डोकं गरगरायचं, भयाण स्वप्नं पडायची, पहाटे पाचला उठणं व्हायचं नाही. दोन घरची कामं सुटली होती. म्हणून ती गोळी फक्त शनिवारी घ्यायची, कारण रविवारी तिला सुट्टी. उरलेल्या गोळ्या नालीत. “डॉक्टरसाहेबाले कसं सांगू ताई? ते रागावतीन. गोळ्या बंद करून टाकतीन.”

एकीकडे मी ‘ताप आहे’ म्हणाले, दुसरीकडे ती ‘हो जी’ म्हणाली. या दोन वाक्यांनी दोन घरांचं जे नुकसान केलं, त्यावरच हा लेख आहे. एचआयव्हीच्या उपचारात औषध फुकट आहे, चांगलं आहे. पण डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांशी खरं बोलले नाहीत तर ते औषध निम्मंच काम करतं.

डॉक्टरांना अर्धंच माहीत असतं

एचआयव्हीचा विषाणू शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. सीडी४ची चाचणी या पेशी किती उरल्या ते सांगते. व्हायरल लोडची चाचणी रक्तात विषाणू किती आहे ते सांगते. एआरटीची औषधं विषाणूला मारून संपवत नाहीत, त्याची वाढ थांबवतात. म्हणून ती रोज घ्यावी लागतात. मधूनमधून घेतली तर विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग तेच औषध निकामी होतं. दिवसाला एक गोळी असेल तर महिन्यात दोन चुकल्या तरी ते जास्तच समजावं.

गोळी नीट चालली की व्हायरल लोड इतका खाली जातो की चाचणीत सापडतच नाही. असं टिकून राहिलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. (दूध पाजणं आणि सुईतून होणारी लागण यांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही, त्याबद्दल वेगळं विचारा.) रुग्णाला नवं आयुष्य देणारी ही गोष्ट आहे, पण कित्येकांना ती कुणी सांगितलेलीच नसते. सरकारी कार्यक्रमात व्हायरल लोड उपचाराच्या सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर दर वर्षी एकदा करतात. आपला आकडा किती आला, हे विचारून घ्या.

आता बघा, पुस्तकातलं ज्ञान डॉक्टरांकडे आहे. कोणती गोळी, किती, कुणाला चालत नाही, हे त्यांना कळतं. पण तुम्ही पहाटे पाचला उठता, सासूसमोर गोळी काढता येत नाही, नवरा दारू पिऊन येतो, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागतं, हे डॉक्टरांना कुठून कळणार? ते ज्ञान तुमच्याकडे आहे. दोन्ही एकत्र आली तरच निर्णय बरोबर होतो.

त्या पोळ्यावाल्या ताईचंच घ्या. तिला होणारा त्रास इफाव्हिरेन्झ या औषधाचा होता. चक्कर आणि विचित्र स्वप्नं हा त्याचा माहितीतला दुष्परिणाम. डॉक्टरांनी मात्र समजून घेतलं होतं की रोज घेऊनही औषध चालत नाही, आणि ते दुसऱ्या फळीची, जास्त गोळ्यांची औषधं लिहायच्या बेतात होते. आम्ही दोघी मिळून गेलो. ती घाबरत घाबरत बोलली. डॉक्टर क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “हे आधी सांगितलं असतं तर वर्ष वाया गेलं नसतं.” मी म्हटलं, “सर, आधी असं विचारलंही नव्हतं.” डॉक्टरांनी ते मानलं.

इथवर कसे आलो

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. तो नेहमी रक्तदान करायचा. त्यानं दिलेल्या रक्ताची तपासणी झाली, पण निकाल त्याला कुणी सांगितला नाही. आपल्या नावासमोर एड्स लिहिलेलं त्यानं दवाखान्याच्या रजिस्टरात पाहिलं. त्या काळच्या गोव्याच्या आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवलं. ६४ दिवस. आई उच्च न्यायालयात गेली तेव्हा तो घरी आला. १९९२ साली तो वारला, पण त्याआधी त्यानं एचआयव्ही असलेल्या माणसांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली.

रुग्णांनी आवाज उठवायला त्याच्याही आधी सुरुवात केली होती. १९८३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एड्स झालेल्या लोकांनी जाहीरनामा काढला. आम्हाला बिचारे म्हणू नका, उपचाराची आणि त्याच्या धोक्यांची पूर्ण माहिती द्या, उपचार निवडायचा किंवा नाकारायचा हक्क आमचा आहे, असा त्याचा आशय होता. तेव्हा या आजारावर एकही औषध नव्हतं. हाती औषध नसताना त्यांनी पहिल्यांदा माहिती आणि मान मागितला.

आपल्याकडे १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एका रोजंदारी कामगाराचा खटला गाजला. एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून काढलं होतं. न्यायालयानं सांगितलं की माणूस काम करायला धडधाकट असेल तर केवळ या कारणानं त्याचं काम हिसकावता येणार नाही. त्याला खरं नाव झाकून खटला लढायची परवानगीही मिळाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत एआरटी सुरू केली. २०१७ पासून सीडी४ कितीही असो, तपासणीत एचआयव्ही निघाला की औषध सुरू करायचं असं धोरण आलं. आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्हीकडे एआरटी केंद्र आहे.

डॉक्टरांना हे सांगाच

एआरटी केंद्रात गर्दी असते. डॉक्टरांना प्रत्येकासाठी थोडीच मिनिटं मिळतात. आत गेल्यावर घाबरून अर्धं विसरायला होतं. म्हणून आदल्या रात्री एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला नका सांगू, विश्वासातल्या कुणाला सांगा किंवा केंद्रातल्या समुपदेशकाला आधी भेटा.

१) किती गोळ्या चुकल्या. खरा आकडा सांगा आणि का चुकल्या तेही सांगा. व्हायरल लोड १०००च्या वर आला तर लगेच औषध बदलत नाहीत. आधी साधारण तीन महिने समुपदेशन करून गोळ्या नीट घ्यायला मदत करतात, मग पुन्हा चाचणी करतात. तुम्ही खोटं सांगितलं तर चांगलं चालणारं औषध विनाकारण बदललं जाईल. खरं सांगितलं म्हणून कुणी औषध बंद करू शकत नाही.

२) टीबीचं औषध चालू आहे का. टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध एआरटीतल्या डोल्युटेग्राविरचा जोर कमी करतं. म्हणून अशा रुग्णाला डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी बारा तासांनी द्यावी लागते. टीबीचं औषध एकीकडून आणि एआरटी दुसरीकडून घेताना दोन्हीकडे सांगितलं नाही तर ही दुसरी गोळी लिहायची राहून जाते.

३) सिकलसेल. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत, तरी एआरटी केंद्रात पुष्कळ जण ते सांगत नाहीत, ‘तो वेगळा आजार आहे’ म्हणून. सिकलसेलचा भार मूत्रपिंडावर पडतो. एआरटीतल्या टेनोफोव्हिरचाही काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो. त्यात दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून खाल्ल्या तर धोका वाढतो. झिडोव्हुडिन या औषधानं रक्त कमी होऊ शकतं, ते सिकलसेलवाल्याला आणखी जड जातं. म्हणून सिकलसेलचं कार्ड सोबत न्या.

४) शुगर, अ‍ॅसिडिटी, रक्तवाढीच्या गोळ्या. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर डोल्युटेग्राविरसोबत त्याचा डोस मर्यादेत ठेवावा लागतो. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घ्यायचं असेल तर एआरटीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत असतील तर एकत्र चालतात, उपाशीपोटी नाही. जडीबुटी, काढा, बाबाची पुडी, जे काही घेता तेही सांगा.

५) त्रास. आता बहुतेकांना टीएलडी नावाची एकच गोळी मिळते, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची. तिचा त्रास कमी असतो, तरी काहींची झोप उडते, काहींचं वजन वाढतं. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घेता येते. पण हा बदल विचारून करा.

६) मूल हवं आहे का, पाळी चुकली आहे का. एचआयव्ही असलेल्या बाईला निरोगी मूल होऊ शकतं. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, नीट उपचार घेतले तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. दिवस राहिल्यावर लपवू नका आणि भीतीनं गोळी बंद करू नका.

७) दारू, घरातली मारहाण, बाहेरगावचं काम. कामासाठी दोन महिने बाहेर जाणार असाल तर आधी सांगा. जास्त दिवसांची औषधं देणं किंवा तिथल्या केंद्रातून मिळण्याची सोय करणं शक्य असतं. दुसऱ्या केंद्रात कायमची बदलीही मागता येते.

डॉक्टरांना हे विचारा

आपल्या आयांना, मावशांना शिकलेल्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे उर्मटपणा वाटतो. तो उर्मटपणा नाही. विचारा,

“माझा व्हायरल लोड किती आला? मागच्या वेळेपेक्षा कमी की जास्त?”
“औषध बदलून राहिले तर का बदलता? न बदललं तर काय होईल?”
“या गोळीचा काय त्रास होऊ शकतो? कोणत्या त्रासात लगेच यायचं?”
“दुसरा काही पर्याय आहे का?”

आणि निघताना डॉक्टरांनी सांगितलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगा. “म्हणजे मी सकाळी चहाच्या वेळी एक गोळी घ्यायची, आणि अ‍ॅसिडिटीचं औषध रात्री, असंच ना साहेब?” चुकीचं समजलं असेल तर तिथेच कळतं. नर्स म्हणून मी पुष्कळ चुका या एका वाक्यानं टळताना पाहिल्या आहेत.

डॉक्टरांकडे वेळ नसेल तर समुपदेशक आहेत, औषध देणारे फार्मासिस्ट आहेत. केअर कोऑर्डिनेटर हा शक्यतो स्वतः एचआयव्हीसह जगणारा माणूस असावा असं धोरण आहे. कधी कधी त्याच्याशीच मन सगळ्यात मोकळं होतं. घरून विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

कुणाला सांगायचं, हा निर्णय कुणाचा?

२०१७ साली एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. त्यातल्या या गोष्टी लक्षात ठेवा.

तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन झालंच पाहिजे. ‘आधी एचआयव्हीचा रिपोर्ट आणा, मग उपचार’ किंवा ‘मग नोकरी’ अशी अट घालता येत नाही. तुमचा निकाल तुमच्या परवानगीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. माझ्या त्या रंगकाम करणाऱ्या भावाच्या बाबतीत उलटंच झालं होतं, सगळ्यांना सांगितलं आणि त्यालाच नाही.

मग जोडीदाराचं काय? त्याला किंवा तिला धोका असतो, म्हणून कायद्यानं मार्ग ठेवला आहे. आधी समुपदेशक तुम्हाला स्वतः सांगायला तयार करतात. तुम्ही सांगतच नसाल आणि जोडीदाराला खरोखर धोका असेल, तर तुम्हाला तशी कल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगू शकतात. पण बाईला मारहाणीची, घराबाहेर काढण्याची भीती असेल तर तिचा विचार आधी करायचा असतो. म्हणून ही भीती मनात ठेवू नका, समुपदेशकाला स्पष्ट सांगा.

कुठे भेदभाव झाला, उपचार नाकारले तर तक्रार करता येते. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी असला पाहिजे. राज्याच्या पातळीवर लोकपालाची तरतूद आहे. त्यांनी ३० दिवसांत, आणि तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. तक्रार लिहून द्या, पोच घ्या, तारीख टिपून ठेवा. कागद असला की दवाखाना ऐकतो, हा माझा अनुभव आहे.

डॉक्टर, नर्स भावंडांनो

आपल्या घराघरांतून आता नर्स, टेक्निशियन, डॉक्टर झालेली पोरं-पोरी आहेत. त्यांच्यासाठी दोन शब्द. “गोळ्या घेता ना?” असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. “सगळ्यांच्याच कधी ना कधी राहतात, तुमच्या गेल्या आठवड्यात किती राहिल्या?” असं विचारा. निकाल आधी रुग्णाला सांगा, मग त्याच्या परवानगीनं नातेवाइकांना. मी हे वेळेवर शिकले नाही. एका माणसाला मरेपर्यंत ‘ताप आहे’ सांगितलं, ते ओझं अजून उतरलेलं नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसारानं पडलेल्या, सगळ्यांनी टाकलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासोबत स्वतः आंघोळ घातली. पुढे तिथेच चांगला रुग्ण आणि चांगला सेवक कसा असावा हे सांगितलं आहे. आजार वाढला की कमी झाला ते सेवा करणाऱ्याला जसं आहे तसं सांगणं, हा रुग्णाचा गुण मानला आहे. ओकारी, मलमूत्र यांची किळस न करणं आणि लोभापोटी नव्हे तर मैत्रीनं सेवा करणं, हे सेवकाचे गुण. म्हणजे जबाबदारी दोघांवरही ठेवली आहे.

वस्तीतल्या बाकी सगळ्यांना एकच विनंती. मेडिकलच्या रांगेत ओळखीचं कुणी हिरवी पुस्तिका घेऊन दिसलं तर घरी येऊन सांगू नका. तुमच्या त्या एका वाक्यामुळे त्याचं पुढच्या महिन्याचं औषध सुटू शकतं.

पोळ्यावाली ताई आज टीएलडीवर आहे. सकाळी चहासोबत गोळी घेते. व्हायरल लोड सापडत नाही. पोरगी बारावीला आहे. मागच्या महिन्यात तिच्यासोबत केंद्रात गेले होते. डॉक्टर नवीन होते. त्यांनी पुस्तिका उघडली आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे ना?” ताईनं पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली.

“ठीक आहे साहेब. पण तीन गोष्टी विचारायच्या हायेत.”